खोदादादच्या पवनचक्कीचं पीठ

३ खोर्दाद

पवनचक्कीच्या वरच्या मजल्यावर आज पहिल्यांदा चढले आणि खाली येऊन भिंतीमागे ओकले. बाबा बघत होते. म्हणाले, "दोन वर्षं शहरात शिकलीस ती हे करायला?" मी हाताने तोंड दाबून धरलं. तोंड उघडलं असतं तर पुन्हा झालं असतं.

वर कबुतरांची विष्ठा गुडघाभर साचली आहे. तिच्यात पिसं, अंड्यांची टरफलं, आणि एक मेलेलं मांजर, जे उचलायला गेले तर अर्धंच हातात आलं. खालच्या मजल्यावर, जिथे जात्याचे दगड आहेत, तिथे शेजारच्यांनी कितीतरी वर्षं शेळ्या बांधल्या. दगडावर लेंड्यांचा थर खरवडावा लागला. मी नाकाला फडकं बांधून खरवडत होते. याच दगडावर गावाची कणीक होणार, हा विचार डोक्यातून जाईना.

पण दुसरा उपाय नाही. युद्धामुळे डिझेल मिळत नाही, आणि गावाच्या गिरणीचा तुटलेला भाग युद्ध संपेपर्यंत येणार नाही असं हाजी शमसोद्दीन म्हणतात. ते पंचांचे प्रमुख, म्हणजे तसंच असणार. खोर्दाद महिना लागला, गहू कापणीला आला आहे. तेव्हा बाबांनी जाहीर केलं की माझ्या पणजोबांची पवनचक्की ते पुन्हा चालू करतील. पहिल्या दिवशी गाव खोदादादला, म्हणजे बाबांना, हसलं. मग प्रत्येकाने आपापल्या घरातल्या पिठाच्या कणगीत डोकावून पाहिलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी कोणी हसलं नाही.

दादा यारमहमद सरहद्दीवर आहे. म्हणून त्याच्या वाटचं काम मी करते. सकाळी आरोग्यघरात सेविकेचं काम, दुपारनंतर चक्की. हात कितीही धुतले तरी वास जात नाही.

७ खोर्दाद

बाबा भिंतीच्या डागडुजीसाठी चिखल तुडवत होते, मी वरून भुसा आणि शेळीचे केस टाकत होते. तुडवताना माणूस बोलतो. पणजोबा करमदादांनी चक्की कशी बांधली ते त्यांनी आज सांगितलं.

एक अख्खा उन्हाळा म्हणे त्यांनी वीटसुद्धा ठेवली नाही. गावामागच्या टेकाडावर काठ्या रोवल्या, काठ्यांना चिंध्या बांधल्या, आणि नुसते बघत बसले. जिथली चिंधी फडफडली पण गरगरली नाही, तिथे पाया खणला. भिंत हिवाळ्याच्या तोंडाशी उभारायची, वारा पडलेला असताना, नाहीतर चिखल बाहेरून वाळतो आणि आतून ओलाच राहतो. वीतभर थर द्यायचा, थांबायचं, मग पुढचा. चिखल उंटाला गोल फिरवून तुडवला. खांबासाठी अख्खं झाड डोंगरापलीकडून ओढत आणलं. ओढताना एक उंट मेला. "तो खाल्ला," बाबा म्हणाले. "माझी आजी म्हणायची, आपली चक्की उंटाच्या जिवावर उभी आहे, म्हणून तिला तहान लागत नाही, वाराच पुरतो."

मला भिंतीची रचना आज कळली. पाती उभ्या खांबाला लावलेली, सगळी मिळून एखाद्या फिरत्या दारासारखी. वाऱ्याकडच्या बाजूला भिंत आहे आणि तिच्यात अरुंद उभं तोंड, तेही मध्यभागी नाही, एका कडेला. मी विचारलं, "तोंड मोठं केलं तर जास्त वारा येणार नाही का?"

"येईल ना. मग वारा दोन्हीकडच्या पात्यांना ढकलेल आणि चक्की जागची हलणार नाही. वाऱ्याला घरात घ्यायचं, पण अर्धाच. माणसाचंही तेच. सगळ्यांचं ऐकत बसलं की जागेवरच."

बाबा असं बोलतात तेव्हा मला फार आवडतं. बाबांना लिहिता येत नाही. त्यांचं मी लिहून ठेवते आहे.

१५ खोर्दाद

दगडांना टाकी लावून झाली. पण वरच्या दगडाच्या भोकात जी लोखंडी आडवी पट्टी बसते, जिच्यात खांबाचं टोक अडकतं आणि जिच्या जोरावर दगड फिरतो, ती पट्टी हलते. आजोबा तुतीच्या लाकडाच्या पाचरी मारून ती घट्ट करायचे. पाचरी रोज सैल होत, रोज ठोकाव्या लागत. बाबा म्हणाले, "माझ्या बापाचं आयुष्य पाचरी ठोकण्यात गेलं. मरताना हातात हातोडा होता. मी हे करणार नाही."

तरुणपणी बाबा दूरच्या एका खोऱ्यात पाणचक्कीवर कामाला होते. तिथे पट्टीभोवती वितळलेलं शिसं ओतायचे. तसंच आज केलं. मोटार दुरुस्तीवाल्याकडून जुन्या बॅटऱ्या आणल्या, फोडल्या, आतले शिशाचे पत्रे लोखंडी कढईत टाकले. मी भाता हलवला. आधी वर राखाडी मळी आली, ती बाबांनी काढून टाकली, आणि खाली जे होतं ते पाहून मी भाता हलवायची थांबले. चांदीसारखं, पण चांदीहून मऊ, थरथरणारं. बाबांनी ते एका धारेत ओतलं. पट्टीभोवतीची फट भरली, खाचा भरल्या, दगडाच्या तोंडाला जे दोन जुने खड्डे होते तेही भरून निघाले. थंड झाल्यावर मी बोट फिरवलं. गुळगुळीत. या सगळ्या घाणेरड्या चक्कीत एवढीच एक गोष्ट मला स्वच्छ वाटली.

२४ खोर्दाद

वारा आला. पहाटे घराची दारं वाजायला लागली आणि नने, माझी आई, अंथरुणातच म्हणाली, "आले वर्षाचे पाहुणे."

अख्खं गाव टेकाडावर. बाबांनी वाऱ्याच्या तोंडावरचा बोरूचा पडदा काढला. पाती आधी कुरकुरली, मग फिरली. पहिलं पीठ कधी खायचं नाही, त्यात टाकीची कच असते. ते कोंबड्यांना टाकलं. दुसरं पीठ ननेने पदरात घेतलं, ओठांना लावलं, रडली.

पाळ्या हाजींनी ठरवल्या. ज्यांच्या पूर्वजांचा चक्कीत हिस्सा होता ते आधी. मग बाकीचे. गावाबाहेरच्या तंबूंतले अफगाण निर्वासित सर्वांत शेवटी, म्हणजे पीक संपल्यावर, म्हणजे कधीच नाही. कोणीतरी तसं म्हणाल्यावर हाजी म्हणाले, "त्यांची बायकामाणसं जात्यावर दळतात की. सवय आहे त्यांना." मला बरोबर वाटलं नाही. पण मी तंबूंकडे आरोग्याच्या कामासाठी गेले होते, तिथल्या माश्या पाहिल्या होत्या, आणि त्यांचे हात आमच्या पिठाच्या रांगेत नकोत असंही वाटलं. दोन्ही वाटलं. दोन्ही लिहिते.

१२ तीर

दळणाबद्दल प्रत्येक घर बाबांना पिठाचा वाटा देतं. आमच्या घरी कधी नव्हतं इतकं पीठ आहे. नने रोज तंदूर पेटवते. वहिनी सनमला सहावा महिना लागला आहे, ती तंदुराजवळच बसून गरम नान खाते, कोरडी, नुसती. "आबजी," म्हणजे ताई, असं मला म्हणते, "याला दगडाची गोडी आहे. डिझेलच्या पिठाला नव्हती." मी तिला लोहाच्या गोळ्या दिल्या आणि गर्भवतीने भरपूर खावं हे समजावलं. ती म्हणाली, "ते तू न समजावताही करतेय मी."

शिसं दर चार-सहा दिवसांनी झिजतं. बाबा पुन्हा ओततात. त्याला ते "दगडाचे लाड" म्हणतात.

४ मोर्दाद

पुष्कळ दिवस लिहिलं नाही, कारण काही घडलं नाही. आता घडतं आहे.

आरोग्यघरात या आठवड्यात बायका, पुरुष, पोरं, सगळ्यांचं एकच. पोटात पीळ पडतो, नाभीपाशी. मळमळ. तोंडाला लोखंडाची चव. सांधे दुखतात. रंग उतरलेला, मेणासारखा. मी जुलाबाची पावडर काढून ठेवली होती. पण जुलाब कोणालाच नाहीत. उलट. गुलनबात म्हातारी म्हणाली, "पोरी, आठवडा झाला, आत जातं पण बाहेर काही येत नाही. मी काय कणगी आहे का?"

मला हसू आलं नाही. किळस आली. तिच्या तोंडाच्या वासाची, तिने माझ्या मनगटाला धरलेल्या बोटांची. आरोग्यसेविकेला किळस यायला नको हे मला माहीत आहे. शिकवणाऱ्या बाई म्हणत, किळस आली की हात धुवा आणि परत या. मी दिवसभर हात धुतले.

पाण्यात औषध टाकलं. फरक नाही.

९ मोर्दाद

कारण सापडलं असं वाटतं.

अफगाण तंबूंतली शीरीनगुल गावात पनीर विकते. जवळजवळ प्रत्येक घरात ते येतं. कच्च्या दुधाच्या पनीरातून येणारा ताप मला शिकवला आहे: सांधे दुखतात, अशक्तपणा येतो, महिनोन् महिने राहतो. सगळं जुळतं. ताप मात्र थर्मामीटरवर दिसत नाही. पण विचारलं तर बायका म्हणतात, आतून आहे.

आज बघायला गेले. बकऱ्याच्या कातड्याची पिशवी, केसांची बाजू आत, तिच्यात पनीर, तोंडाशी पिवळं पाणी आणि त्याच्यावर माश्या. शीरीनगुलने कोपरापर्यंत हात घालून गोळा काढला, दोन केस चिमटीने उपटले आणि माझ्यापुढे धरला. "खा, डॉक्टरीणबाई. मग बोल." मला बाहेर यावं लागलं.

ती मागून आली. "माझी चार पोरं हेच खातात. बघ त्यांच्याकडे. कोणाचं पोट दुखतंय?"

पोरं धावत होती. गाल लाल. एक मुलगी सावलीत बसून जातं फिरवत गाणं म्हणत होती. मी हाजींना दिलेल्या निवेदनात लिहिलं: तंबूंतील लोकांना घाणीची सवय असल्याने त्यांना बाधा होत नाही.

वाक्य चांगलं जमलं असं तेव्हा वाटलं.

१३ मोर्दाद

हाजींनी माणसं पाठवली. मी बरोबर होते, कारण निवेदन माझं. पिशव्या बाहेर काढून सुऱ्याने फाडल्या. पनीर वाळूत सांडलं आणि कुत्री आली. वास असा की माणसांनीही तोंडं फिरवली.

शीरीनगुल ओरडली नाही. तिने एक फाटलेलं कातडं उचललं, झटकलं, घडी घातली. म्हणाली, "गावात काही झालं की आधी आमचे तंबू स्वच्छ होतात. चांगलं आहे. आम्हाला झाडायला वेळ मिळत नाही."

मी घरी येऊन डोक्यावरून आंघोळ केली. बरोबर केलं. पुस्तकात तसंच आहे.

२१ मोर्दाद

पनीर गावातून गेलं. पोटं दुखतातच. वाढलीत.

सनमच्या पायांत बळ नाही. काल तंदुराशी बसता बसता कलंडली. पोटातलं बाळ हलतं का, विचारलं. "हलतं. पण आधी लाथ मारायचं. आता नुसतं वळतं."

बाबांचा उजवा हात मनगटातून खाली लोंबतो. चहाचा पेला डाव्या हाताने धरतात. जेवताना ओठ वर गेला तेव्हा त्यांच्या हिरडीवर काळसर निळी रेघ दिसली. मी म्हणाले, "बाबा, नसवार तंबाखू किती लावता? तोंड बघा कसं झालंय." त्यांनी शपथ घेतली की यंदा नसवार लावलीच नाही. आपले वडील आपल्याशी खोटं बोलतात याचं वाईट वाटलं. ननेने त्यांच्यापुढे आणखी एक नान ठेवली. "खा. अंगात ताकद नाही तुमच्या."

२६ मोर्दाद

डॉक्टर आले. महिन्याची फेरी. डॉक्टर मोतमेदी तरुण आहेत, उन्हाला वैतागलेले. मी माझी पनीराची हकिगत सांगत होते, तेवढ्यात त्यांनी सनमला तोंड उघडायला लावलं आणि हिरडीकडे बघत राहिले.

"नसवार?"

सनम लाजली. "नाही हो."

"घरात रंगकाम? कल्हई? कुंभार आहे गावात?"

"नाही," मी म्हणाले.

"ही शिशाची रेघ आहे. पुस्तकात पाहिली होती, तोंडात पहिल्यांदा बघतोय. गावात शिसं कुठे वापरता?"

"कुठेच नाही," मी लगेच म्हणाले. खोटं बोलले नाही. आमच्या पुस्तकातही शिशाचं पान होतं, पण चित्रात शहरातला रंगारी होता. आमच्या गावात रंगारी नाही, म्हणून मी ते पान उलटलं होतं.

"बरं. आजारी कोण नाही?"

"तंबूंतले."

"ते असं काय खात नाहीत, जे तुम्ही खाता?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि भात्याचा दांडा हातात असल्यासारखे माझे तळवे गरम झाले. दगडाचे लाड. दर चार-सहा दिवसांनी. झिजलेलं कुठे जात होतं हे मी एकदाही विचारलं नाही.

डॉक्टरांनी सनमचं आणि आणखी काहींचं रक्त घेतलं. निकाल मशहद शहरातून येईल, वेळ लागेल. पीठ आजपासून बंद, सगळ्यांचं. मी बाळाबद्दल विचारलं. त्यांनी गाडीचं दार लावलं आणि काचेतून म्हणाले, "आता थांबलं तर कदाचित."

२७ मोर्दाद

बाबांना सांगितलं. चक्कीतच, दगडाजवळ.

"माझ्या आजोबांच्या जात्यात विष?"

"जात्यात नाही, बाबा. आपण जे ओतलं त्यात."

"पाणचक्कीवर दहा वर्षं ओतलं. कोण मेलं?"

"तिथली माणसं आता कशी आहेत ते तुम्हाला माहीत आहे का?"

त्यांनी कमरेच्या फडक्यातून नान काढली आणि माझ्याकडे बघत खायला लागले. घासामागून घास. लोंबता हात मांडीवर, डाव्या हाताने तोंडात कोंबत. ओठांना पीठ, आत ती निळी रेघ. मी म्हणाले, बाबा, पुरे. ते चावत राहिले. आपल्या बापाचं जेवणं इतकं किळसवाणं वाटावं, आणि तो आपला बाप असावा. मी पळाले.

संध्याकाळी आरोग्यघराच्या दारातून टेकाडाकडे पाहिलं. वारा होता, पाती थांबलेली होती. त्यांनी बोरूचा पडदा लावला होता. बाबा घरी आले, जेवले नाहीत.

२९ मोर्दाद

मशिदीच्या अंगणात बैठक. बायका भिंतीबाहेर. मला आत बोलावलं, निवेदन मीच करायचं म्हणून. मी सगळं सांगितलं, भाता मीच हलवला हेही. पनीराचं सांगायला लागले तेव्हा हाजी म्हणाले, "ते राहू दे, ते वेगळं."

कोणाला पटलं असं वाटलं नाही. मशहदचा कागद आल्याशिवाय काय ते खरं, म्हणाले. पण सकाळपासून गावात एकही तंदूर पेटला नव्हता. विष आहे हे मानायला कोणी तयार नाही आणि स्वतः खायलाही कोणी तयार नाही.

मग उरलेल्या पिठाचं काय. मी म्हणाले, पुरून टाका. सगळे माझ्याकडे असे बघायला लागले जसं मी कोणाला जिवंत पुरायला सांगितलं. आमच्याकडे वाटेत नानचा तुकडा दिसला तर माणूस उचलतो, ओठांना लावतो, भिंतीच्या फटीत ठेवतो. मीही ठेवते.

"पीठ पुरणं म्हणजे अल्लाच्या ताटाला लाथ मारणं," हाजी म्हणाले. "सगळं खोदादादच्या चक्कीत जमा करा. युद्धासाठी धान्य गोळा होतंय, त्यात देऊ. पुण्यही लागेल."

बाबा म्हणाले, "युद्धावर माझा मुलगा आहे, हाजी."

"हो, खरं आहे." हाजींनी दाढीवरून हात फिरवला. त्यांना खरंच वाईट वाटलं, असं मला दिसलं, आणि म्हणूनच पुढचं ऐकवेना. "मग तंबूंत वाटू. सदका म्हणून, दान. ते वर्षभर मागतायत."

कोणी हललं नाही. एकानेही नाही. मी म्हणाले, "हाजी, ते आजारी पडतील."

"पोरी, तूच तर लिहून दिलं होतंस." निवेदन त्यांना पाठ होतं. "घाणीची सवय असल्याने त्यांना बाधा होत नाही. किती छान लिहितेस. खोदादाद, हिला शिकवलंस ते वाया गेलं नाही बघ."

दोघं-तिघं हसले. हसणं दुष्ट नव्हतं. सुटल्याचं होतं. सगळे मला एकदम किळसवाणे वाटले, त्यांच्या दाढ्या, त्यांचे चहाचे पेले, गुडघ्यांवर ठेवलेले त्यांचे धुतलेले हात. आणि ते वाक्य माझं होतं.

३० मोर्दाद

शीरीनगुलकडे गेले. ती जात्यापाशी होती. उठली नाही.

"आता काय फाडायचं राहिलंय, डॉक्टरीणबाई?"

मी म्हणाले, पनीरात काही नव्हतं, चूक माझी होती. गावातून पीठ आलं तर घेऊ नका, त्यात विष आहे.

तिने मूठभर गहू जात्यात टाकला. "आधी पनीरात विष. आता पिठात विष. विष तुझ्या जिभेवर नाही ना, बघून घे."

"खरं सांगते."

"गेल्या वेळीही खरंच सांगत होतीस. फुकटचं पीठ कोण सोडतं? माझ्या मुलीच्या हातांना फोड आलेत हे फिरवून फिरवून. गाडी कधी येणार?"

"उद्या."

"बरं झालं सांगितलंस. पोती धुवून ठेवते."

परत येताना विचार करत होते. पीठ पेटवलं तर लोक विझवतील. पाणी ओतलं तर वाळवतील. रॉकेल गावात दिव्यालाही नाही. गावाला पटेल अशी एकच गोष्ट आहे. ती माझ्या पुस्तकातली नाही, लहानपणापासून प्रत्येकाला माहीत आहे: ज्याला संडासाची घाण लागली ते अपवित्र, ते खायचं नाही, विकायचं नाही, दानही करायचं नाही. थेंब पुरतो. त्यावर कोणी कागद मागत नाही.

उठून पाहून आले, चक्कीची किल्ली बाबांच्या खुंटीवर आहे.

३१ मोर्दाद

आजचं सगळं नीट लिहायचं आहे.

पुरुष पहाटे फजरच्या नमाजाला गेले आणि मी आरोग्यघरामागच्या संडासाचा मागचा दगड सरकवला. दोन बादल्या भरल्या. नाकाला फडकं बांधलं नव्हतं. ते बांधायचा मला हक्क आहे असं वाटलं नाही. टेकाडापर्यंत दोनदा थांबून ओकले.

किल्ली बाबांच्या खुंटीवरून घेतली होती. पोती खालच्या मजल्यावर दगडाभोवती रचलेली. मी पहिल्या पोत्याचं तोंड सोडलं. पीठ इतकं पांढरं होतं. लहान पळीने थोडं थोडं वरून टाकत गेले, चेहरा वळवून, हाताला लागू नये म्हणून पळी लांब धरून. रडत होते. प्रत्येक पोत्यावर अल्लाची माफी मागत होते.

दारात नने उभी होती. किती वेळ ते माहीत नाही.

मला वाटलं ती किंचाळेल. या पिठाची पहिली मूठ तिनेच ओठांना लावली होती. तिने पोत्यात पाहिलं, मग बादलीत, मग माझ्या पळीत.

"हे काय करतेस?"

"नने, तंबूंत वाटणार आहेत."

"ते मला माहीत आहे. भिंतीबाहेर मीही होते. मी विचारतेय, असं का करतेस? नुसतं वरवर?" ती आत आली. "शमसोद्दीनला मी लहानपणापासून ओळखते. वरचा थर काढून टाकेल आणि खालचं वाटेल. म्हणेल, खालचं शुद्ध आहे. त्याच्या आईने दुधात पडलेली पाल अशीच काढली होती."

तिने बाह्या कोपरावर गुंडाळल्या. बांगड्या वर सारल्या, रोज कणकेला बसताना सारते तशा. गुडघ्यांवर बसून तिने पोतं जवळ ओढलं.

"ओत," म्हणाली.

मी ओतलं. तिने दोन्ही हात आत घातले, तळापर्यंत, आणि मळायला लागली. मुठी आवळून, वळवून, पुन्हा दाबून. आयुष्यभर जशी मळत आली तशी. तिचा चेहरा आक्रसला होता, डोळ्यांतून पाणी गळत होतं, ओठ घट्ट मिटलेले. मध्येच बाजूला तोंड करून थुंकली आणि म्हणाली, "सनमने हे खाल्लंय. रोज. माझ्या हातचं." मग दुसरं पोतं ओढलं.

मीही पळी टाकली आणि हात घातले.

शेवटच्या पोत्याशी होतो तेव्हा बाबा आले. दारातच थांबले. नाकाला हात लावला नाही. आमच्याकडे बघितलं, मग बाजूने दगडापाशी जाऊन बसले, डाव्या हातात हातोडा घेतला आणि छिन्नीने भोकातलं शिसं फोडायला लागले. उजव्या हाताने छिन्नी धरवत नव्हती, म्हणून ती पायाच्या बोटांत धरली होती.

हाजी गाडी घेऊन आले तेव्हा ऊन चढलं होतं. बरोबर दोघं, पोती उचलायला. दोघं उंबऱ्याशीच थबकले. हाजी आत आले. आम्हा दोघींकडे, आमच्या कोपरांपर्यंतच्या हातांकडे त्यांनी पाहिलं, पण पाहिलं ते त्यांना खरं वाटेना. ते तसे खात्री करून घेणारे माणूस. त्यांनी बाही सावरली आणि जवळच्या पोत्यात हात घातला, खोल, खालचं काढून बघायला.

मग बाहेर काढला.

 छिन्नीचा आवाज चालू होता. हाजींनी हात अंगापासून लांब धरला, मग आणखी लांब. भिंतीला पुसावा तर भिंत चक्कीची, अंगरख्याला पुसावा तर नमाजाचा. ते तसेच उभे राहिले, आणि तो हात कुठे ठेवावा ते त्यांना कळेना.